दुसरी सही कुठून आणू?

प्रति,
कर्ज मंजूर करणारे, कर्ज वसूल करणारे आणि या दोघांसाठी नियम ठरवणारे सर्व अधिकारी यांस,

विषय : एकट्या पालकाच्या दीर्घ मुदतीच्या कर्जाबाबत

स. न. वि. वि.

माझा अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र मिळालं. हप्ता कमी करून मिळावा म्हणून मी केलेल्या अर्जावर ‘सहकर्जदाराची सही नसल्यामुळे’ विचार करता येत नाही, असं त्यात लिहिलं आहे. सहकर्जदार म्हणजे माझा पूर्वीचा नवरा. तो सध्या कुठे राहतो हे मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नसावं, कारण त्याच्या नावाच्या नोटिसासुद्धा माझ्याच पत्त्यावर येतात.

त्याच पत्राच्या शेवटी एक पर्याय सुचवला होता : कर्ज एकटीच्या नावावर करून घ्या, म्हणजे दुसऱ्या सहीचा प्रश्नच राहणार नाही. तोही अर्ज केला. त्यावर उत्तर आलं की एका उत्पन्नावर एवढा हप्ता झेपणार नाही, सबब अर्ज नामंजूर. आता हा न झेपणारा हप्ता घटस्फोटाच्या आधीपासून मी एकटीच भरते आहे. तुमच्याच खातेउताऱ्यात दर महिन्याला माझ्या खात्याचा क्रमांक छापलेला आहे. तो उतारा मी अर्जाला जोडलाही होता. कोणी उलटून पाहिला असेल असं वाटत नाही.

म्हणजे कर्ज वसूल करताना मी एकटी पुरते आणि सवलत मागायला गेले की अपुरी पडते. हे गुपचूप मान्य करणं मला जमलं नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. संस्थेचं नाव मुद्दाम घेत नाही. माझ्यासारख्या बऱ्याच आयांशी आणि दोन-चार एकट्या बापांशीही बोलणं झालं. प्रत्येकाच्या पत्रावरचं बोधचिन्ह वेगळं आणि मजकूर जवळपास एकच. तेव्हा भांडण एका कार्यालयाशी नाही.

आधीच सांगते, मला कर्जमाफी नको आहे. घेतलं ते फेडायचं, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी पगार विभागात काम करते. दुसऱ्यांच्या पगारातून कोणाचा किती हप्ता कापला जातो, हे मी रोज बघते, त्यामुळे व्याज म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. उलट या पत्रात मीच काही आकडे मांडणार आहे. ते तपासून पाहावेत.

पहिली तक्रार या ‘दोघांच्या’ कर्जाबद्दल.

संयुक्त कर्जाचा करार असा असतो की प्रत्येक कर्जदार संपूर्ण रकमेला जबाबदार. निम्म्या-निम्म्या रकमेला नव्हे. दोघांपैकी जो सापडेल, ज्याच्या खात्यात पैसे असतील, त्याच्याकडून सगळी वसुली करता येते. सही करताना हे वाक्य बारीक अक्षरात असतं आणि शेजारी खुर्चीवर बसलेलं माणूस उद्या नसेल असा विचार त्या दिवशी कोणी करत नाही. पुढे घटस्फोट झाला आणि न्यायालयाने आदेशात लिहिलं की हप्ता अमक्याने भरावा, तरी तो आदेश नवरा-बायकोपुरता. कर्ज देणारी संस्था त्या खटल्यात पक्षकारच नसते, त्यामुळे तिच्यावर तो बंधनकारक नाही. त्याने भरला नाही तर दारात मीच सापडते. मला त्याच्याकडून पैसे हवे असतील तर मी पुन्हा न्यायालयात जावं. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

कायदा असा आहे आणि त्यामागचं कारणही मला कळतं. दोन माणसांच्या भरवशावर पैसे दिले, त्यातलं एक निघून गेलं, तर नुकसान संस्थेने का सोसावं? ठीक. मी सोसते आहेच. पण मग ज्या माणसाने आजवर एक छदाम भरलेला नाही, त्याच्या सहीला एवढी किंमत का? हप्ता कमी करायला त्याची सही, घर विकायला त्याची सही, व्याजाचा प्रकार बदलायला त्याची सही. त्याचं कर्तव्य माझ्याकडे आलं आणि नकाराधिकार त्याच्याकडेच राहिला. त्याने नकार दिलेलासुद्धा नाही. त्याचा फोन लागत नाही, एवढंच.

काउंटरवरच्या बाईंना मी हेच विचारलं. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी पंखा माझ्याकडे वळवला, फाईल दोनदा चाळली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “ताई, मुलगी लवकरच सज्ञान होईल ना? नोकरीला लागली की तिलाच घ्या सहकर्जदार म्हणून. मग सगळं सोपं होईल.” त्यांनी फाईलच्या कडेला पेन्सिलीने मुलीचं वयही लिहून ठेवलं.

मी त्या बाईंना दोष देत नाही. त्यांच्यापुढच्या संगणकावर दोन नावांच्या दोन चौकटी आहेत आणि दुसरी रिकामी ठेवली की अर्ज पुढे सरकत नाही. ती चौकट कोणीतरी ठरवली आहे. माझ्या मुलीचं पहिलं वेतन, पहिलं पतमानांकन, तिला पुढे कधी स्वतःसाठी कर्ज घ्यावंसं वाटलं तर तिची पात्रता, हे सगळं ती शाळेत असतानाच तारण म्हणून पेन्सिलीने नोंदलं गेलं. आईबापाचं कर्ज मूल केवळ मूल आहे म्हणून त्याच्या अंगावर येत नाही. ते अंगावर येतं सही केली की. आणि अडचणीतल्या आईसमोर ‘मुलीची सही आणा’ हा एकच दरवाजा उघडा ठेवला, तर ती मुलगी नाही कशी म्हणेल?

दुसरी तक्रार तुमच्या हिशोबाबद्दल.

घरखर्चाची तुलना करण्यासाठी अनेक देशांत वापरली जाणारी एक पट्टी आहे. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या नावाने ती ओळखली जाते. घरातल्या पहिल्या प्रौढ माणसाचा भार 1 धरायचा, पुढच्या प्रत्येक प्रौढाचा 0.5 आणि 14 वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचा 0.3. दोघं आणि एक मूल, असं घर 1.8 चं झालं. त्यातला एक प्रौढ वजा केला की उरतात 1.3. म्हणजे खर्चाचा भार जेमतेम 28 टक्क्यांनी उतरला. दोघं सारखंच कमवत असतील तर उत्पन्न मात्र निम्मं झालं. छप्पर तेच, वीज तीच, मुलाची शाळा तीच. ही तफावत उधळपट्टीतून आलेली नाही. एकट्या पालकाने कितीही काटकसर केली तरी ती पहिल्या दिवसापासून असतेच.

आणि यात वेळ धरलेलाच नाही. दोन मोठी माणसं असतात तिथे एकजण जादा काम घेऊ शकतो, कारण दुसरा घरी असतो. माझ्याकडे जादा काम आलं तर मुलीला कोणाकडे तरी ठेवायचं आणि त्याचे पैसे द्यायचे. ते वजा केल्यावर हातात फारसं काही उरायचं नाही. तिला ताप आला की माझी रजा, आणि रजा संपल्या की बिनपगारी. ‘उत्पन्न वाढवण्याचे मार्ग शोधा’ असा सल्ला तुमच्या समुपदेशन केंद्रात मिळाला. त्यांनी दिलेल्या माहितीपत्रकावर सोफ्यावर बसून हसत हिशोब करणारं जोडपं होतं. जोडपं! छायाचित्र निवडणाऱ्यालाही दुसरं काही सुचलं नाही.

तिसरी तक्रार सर्वात जुनी आणि तिच्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण ‘दिलासा’ या नावाखाली नेमकं काय दिलं जातं हे बऱ्याच कर्जदारांना कोणी सांगतच नाही.

समजा 100 चं कर्ज आहे, दर 12 टक्के, मुदत 20 वर्षं. मासिक हप्ता येतो सुमारे 1.10. पहिल्या महिन्याचं व्याजच 1.00 होतं. म्हणजे पहिल्या हप्त्यातले शेकडा 91 भाग व्याजात जातात आणि उरलेले मुद्दलात. महिने सरतात तसं हे प्रमाण बदलतं, पण किती हळू बदलतं ते पाहा : 10 वर्षं, म्हणजे निम्मी मुदत, एकही हप्ता न चुकवता भरल्यावर मुद्दल 50 राहत नाही. साधारण 77 शिल्लक असतं. यात फसवणूक काही नाही, घटत्या शिलकीवरच्या व्याजाचं गणितच असं आहे. पण संसार बरेचदा मुदतीच्या पहिल्या अर्ध्या भागात मोडतो, मुलं लहान असतात तेव्हा. नेमक्या त्याच काळात भरलेल्या पैशांचं कर्जदाराच्या हाती फारसं काही लागलेलं नसतं. घर विकून मोकळं व्हावं म्हटलं तर विक्रीतून आलेलं बरंचसं कर्जातच जातं.

आता या माणसाला तुम्ही दिलासा देता, म्हणजे मुदत वाढवता. 12 टक्क्यांचं 10 वर्षांत फेडायचं कर्ज 20 वर्षांवर नेलं, की हप्ता कमी होतो सुमारे 23 टक्क्यांनी. व्याज किती वाढतं? 100 वर जे एकूण 72 भरायचं होतं ते 164 होतं. दुपटीहून जास्त. मी स्वतः हाच अर्ज केला होता, कारण मला आज श्वास घ्यायला जागा हवी होती आणि दुसरा पर्याय छापील अर्जावर नव्हताच. पण याला सवलत म्हणू नका. ही नवी विक्री आहे. सवलत म्हणजे व्याजदर खाली आणणं, काही महिने व्याजाचं मीटर थांबवणं, दंडाच्या रकमा काढून टाकणं. यातलं एकही तुमच्या पत्रात नाही.

थकबाकी असताना भरलेले पैसे कुठे जातात, हाही याच तक्रारीचा भाग. बहुतेक करारांत क्रम ठरलेला असतो : आधी शुल्क आणि दंड, मग व्याज, शेवटी मुद्दल. मी एखाद्या महिन्यात अर्धाच हप्ता भरू शकले तर त्या अर्ध्यातून आधी तुमचा दंड वळता होतो. हप्ता ऑटो डेबिटने जातो आणि पगार एक दिवस उशिरा झाला, तर तुम्ही एक दंड लावता आणि जिथे माझं खातं आहे ती बँक न वटल्याचा दुसरा. पैसे नाहीत म्हणून लावलेला दंड वसूल करायचा तो त्याच नसलेल्या पैशांतून. माझ्या वेतनाची तारीख तुम्हाला माहीत आहे, ती अर्जात लिहिलेली असते. तरी हप्त्याची तारीख चार दिवस पुढे नेण्यासाठी मला पुन्हा तीच सही मागितली गेली.

चौथी गोष्ट, मोठ्या कर्जाला फुटणारी छोटी कर्जं. हप्ता चुकू नये म्हणून क्रेडिट कार्ड वापरलं जातं, कार्ड भागवायला मोबाईलवरचं झटपट कर्ज, ते भागवायला कामावरची उचल. एकट्या पालकांपैकी जे जे माझ्याशी बोलले, त्यांतल्या बहुतेकांची साखळी अशीच होती, क्रम थोडाफार पुढेमागे. कार्डाच्या बिलावर ‘किमान देय रक्कम’ ठळक अक्षरात असते. दरमहा 3 टक्के व्याज आणि 5 टक्के किमान रक्कम धरून मी गणित करून पाहिलं. 100 ची थकबाकी, नवी खरेदी शून्य, वर्षभर दर महिन्याला किमान रक्कम वेळेवर. वर्षअखेर भरलेले असतात 55 आणि थकबाकी उतरलेली असते 23. बिलावर ठळक छापायचंच असेल तर हे छापा.

खाती जितकी जास्त तितकं डोकं कमी चालतं, हे मी तक्रार म्हणून सांगितलं तर रडगाणं वाटेल. म्हणून अभ्यासाचा आधार देते. सिंगापूरमध्ये कमी उत्पन्नाच्या कर्जदारांना एका योजनेतून एकरकमी मदत मिळाली. संशोधकांनी मदतीच्या आधी आणि नंतर त्यांची चाचणी घेतली. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलं की कर्जाची खाती बंद झाल्यावर लोकांची चिंता कमी झाली आणि विचार करण्याच्या चाचण्यांत ते सरस ठरले. किती रक्कम फिटली यापेक्षा किती खाती कायमची मिटली, याचा परिणाम महत्त्वाचा होता. त्याआधी 2013 मध्ये तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा अभ्यास आला होता. तेच शेतकरी, पीक हाती येण्याआधी ओढगस्तीत असताना चाचणीत मागे पडले आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर पुढे गेले. माणूस तोच होता. तेव्हा कर्जदाराला ‘आर्थिक शिस्त नाही’ असं लिहिण्यापूर्वी तुमच्या समुपदेशकांनी हे एकदा वाचावं.

पाचवी तक्रार फोनची. ती थोडक्यात सांगायची म्हणते, पण थोडक्यात सांगता येईल असं वाटत नाही.

मुलगी लहान असताना मी अंघोळीला गेले होते आणि तिने फोन उचलला. पलीकडच्या माणसाने विचारलं, आई आहे का. ती म्हणाली, आहे, पण बाथरूममध्ये आहे. तो म्हणाला, “खोटं बोलायला आईने शिकवलं का?” मी बाहेर आले तेव्हा ती फोन दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरून उभी होती आणि “नाही, खरंच आहे, खरंच आहे,” म्हणत होती. नंतर बरेच दिवस फोन वाजला की ती तो नेऊन उशीखाली ठेवायची. मी ओरडले नाही. मलाही तेच करावंसं वाटायचं.

याला उत्तर म्हणून तुम्ही नियम दाखवाल आणि नियम आहेतच. भारतात रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये सांगितलं की वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करायचे नाहीत. अमेरिकेत 1977 च्या कायद्याने वसुली एजंटांना वेळेचं बंधन घातलं आणि कामाच्या ठिकाणी फोन चालत नाही हे माहीत असेल तर तिथे करायलाही मनाई केली. पण प्रत्यक्षात फोन करणारे फार तर घड्याळ बघतात, फोन कोणी उचलला हे बघत नाहीत. सकाळी साडेआठला सात वर्षांच्या मुलीला आईच्या कर्जाबद्दल उलटतपासणी करणारा माणूस वेळेच्या नियमात अगदी चोख बसतो.

सहावी, पोटगीची. कर्जाची पात्रता काढताना न्यायालयाने मंजूर केलेली पोटगी कधी उत्पन्नात धरली जाते, कधी नाही. संस्थेला जसं सोयीचं पडेल तसं. मंजूर पोटगी आणि हातात आलेली पोटगी यांत किती अंतर असतं, हे कोणत्याही एकट्या पालकाला विचारा. पण हा प्रश्न सुटूच शकत नाही असं नाही. जर्मनीत दुसरा पालक पैसे देत नसेल तर सरकार मुलासाठी ठरावीक रक्कम आगाऊ देतं आणि मग ती त्या पालकाकडून वसूल करायचं काम स्वतः करतं. 2017 पासून मूल 18 वर्षांचं होईपर्यंत ही सोय मिळू शकते, मोठ्या मुलांच्या बाबतीत काही अटींसह. अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यात मुलाच्या पोटगीची थकबाकी माफ होत नाही आणि तिचा क्रम इतर बहुतेक देण्यांच्या आधी लागतो. वसुलीची एवढी मोठी यंत्रणा तुमच्याकडे आहे. पण ज्याला शोधायचं तो सहकर्जदार सोडून ती रोज माझ्याच दारात येते. तुमच्या फाईलमध्ये त्याचा फोटो, सही, ओळखपत्र, जुन्या नोकरीचा पत्ता सगळं आहे. माझ्याकडे यातलं काहीही नाही.

आता मागण्या. शेवटची सोडली तर एकही मागणी अशी नाही जी कुठे ना कुठे चालू नाही किंवा तुम्हाला उद्या सकाळी परिपत्रक काढून करता येणार नाही.

1. सलग बारा महिने हप्ता एकाच कर्जदाराच्या खात्यातून जात असेल, तर हप्त्याची तारीख, रक्कम किंवा मुदत बदलण्याच्या अर्जाला त्याची एकट्याची सही पुरावी. दुसऱ्याची जबाबदारी कमी करू नका, मी ते मागत नाही. त्याला नोटीस पाठवा, ठरावीक दिवसांत हरकत आली नाही तर अर्ज पुढे न्या.

2. कर्ज एकाच्या नावावर करताना ‘हप्ता झेपेल का’ हे कागदावरच्या सूत्राने ठरवण्याआधी तो आजवर कोणी भरला ते पाहा. भरण्याचा इतिहास हाच झेपण्याचा पुरावा माना.

3. जुन्या कर्जाच्या फेररचनेसाठी कर्जदाराच्या मुलाला किंवा मुलीला सहकर्जदार वा जामीनदार म्हणून सुचवायला स्पष्ट मनाई करा. तोंडी सुचवायलासुद्धा.

4. अडचणीचा अर्ज आला की उत्तर किती दिवसांत द्यायचं ते ठरवा आणि नकाराचं कारण लेखी द्या. ऑस्ट्रेलियात कर्जदाराने अडचण कळवल्यावर, आणखी माहिती मागायची नसेल तर, 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नकार दिला तर दाद कुठे मागायची तेही सांगावं लागतं.

5. मुदतवाढ देताना हप्ता किती कमी होईल याच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात, एकूण व्याज किती वाढेल तेही छापा. आणि मुदतवाढीशिवाय दुसरा निदान एक पर्याय द्या : दरकपात, किंवा ठरावीक महिने व्याजाला विराम. इंग्लंड आणि वेल्समध्ये मे 2021 पासून पात्र कर्जदाराला 60 दिवसांची सवड मिळते. त्या काळात बहुतेक व्याज, दंड आणि वसुलीची कारवाई थांबते. तिथल्या कर्जसंस्था त्यामुळे बुडाल्याचं काही माझ्या वाचनात आलं नाही.

6. दंडावर व्याज नको. रिझर्व्ह बँकेने 2023 च्या परिपत्रकात हे सांगितलेलं आहेच, दंडाची रक्कम मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज आकारू नये म्हणून. माझी मागणी त्यापुढची आहे : अर्धवट भरणा आला तर तो आधी मुद्दल आणि व्याजात जमा करा, दंड सर्वात शेवटी.

7. फोन मुलाने उचलला तर नाव न सांगता, काही न विचारता फोन ठेवायचा. हा नियम एका ओळीचा आहे. तो एजंटाच्या प्रशिक्षणात घाला, आणि संभाषण ध्वनिमुद्रित करता ना, मग ते कर्जदाराने मागितलं तर ऐकवा.

8. बेपत्ता सहकर्जदाराला शोधण्याचा खर्च आणि कष्ट संस्थेने करावेत. पत्ता सापडल्यावर तो पोटगीचा आदेश देणाऱ्या न्यायालयाला कळवण्याची तरतूद नियामकांनी करावी.

यातली आठवी मागणी सर्वात अवघड आहे हे मला ठाऊक आहे. खासगी माहितीचा मुद्दा येईल, कायद्याचा कीस पडेल. पडू दे. पहिल्या सातांना कायदा बदलावा लागेल असं मला वाटत नाही. एवढे दिवस कोणी मागितलं नव्हतं म्हणून झालं नसेल, तर आता मागितलं आहे.

मुलीचं वय पेन्सिलीने लिहिलेला तो कागद माझ्या फाईलमधून काढून टाकावा, ही माझी वैयक्तिक विनंती. ती सज्ञान झाल्यावर तिच्याशी या कर्जाबद्दल कोणीही संपर्क साधू नये. तसं लेखी आश्वासन मला हवं आहे.

कामाच्या वेळेत मी फोन घेऊ शकत नाही आणि संध्याकाळी घेणार नाही. उत्तर लेखी पाठवावं, माझ्या एकटीच्या नावाने. पत्ता तुमच्याकडे आहे.

आपली,
पहिल्या सहीची कर्जदार